अठरा इंची माता

३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे प्रभुकृपेने सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, अशी सुरुवात करायला आपल्याला शाळेत शिकवलं होतं. ती केली. आता खरं लिहिते. अकरा वर्षं मी तुझी खुशाली विचारली नाही. आज विचारते आहे म्हटल्यावर तू ओळखशीलच की हिचं काहीतरी अडलंय. अडलंय.

तुझा पत्ता शाळेच्या सिस्टरांकडून मिळाला. त्यांनी संत योसेफाची मूर्ती मागवली होती, तिच्या खोक्यात तुमच्या कारखान्याचा कागद होता. त्या म्हणाल्या, तू आता साच्यात प्लास्टर ओतत नाहीस, चेहरे रंगवतोस, आणि डोळ्यांचं काम तर तुझ्याशिवाय कोणाला देतच नाहीत. ऐकून बरं वाटलं. लहानपणी पाटीवर माणूस काढलास की डोळे काढायला विसरायचास आणि मी दोन टिंबं देऊन त्याला माणसात आणायचे.

ह्यांची नोकरी गिरणीच्या स्टोअरमध्येच आहे. गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा हे जास्त. मुलीचं लग्न झालं, ती लांब दिली. मी चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस आहे. वही लिहायची, तारखा सांभाळायच्या, हे काम मॅट्रिकवाल्या बाईला बरं जमतं म्हणून गळ्यात आलं, पण मला आवडतं. माझ्या वहीत खाडाखोड नसते. घरातलं सगळं जिथल्या तिथे आहे. पुढच्या खोलीतलं येशूच्या पवित्र हृदयाचं चित्रही त्याच भिंतीवर आहे. जुनं उकरायला मी हे पत्र लिहीत नाही.

काम असं आहे. आपल्या चर्चची फिरती माता तुला आठवत असेल. काचेचं दार असलेल्या लाकडी पेटीतली मरियामातेची मूर्ती. दर शनिवारी एका घरून पुढच्या घरी जाते, आणि त्या घरचे आठवडाभर तिच्यापुढे जपमाळेची प्रार्थना करतात. अगदी तशीच एक मूर्ती मला हवी आहे. आमच्या घरासाठी. म्हातारपणी एक हक्काची असावी म्हणून.

मापं शिवणाच्या टेपने घेतली आहेत. उंची मुकुटासकट अठरा इंच. बैठक साडेपाच इंच, त्याहून रुंद नको, नाहीतर पेटीच्या खाचेत, म्हणजे आमच्या कपाटात, बसणार नाही. पांढरा झगा, निळी ओढणी, ओढणीची कड सोनेरी पण सोनं विटलेलं. नवं चकचकीत नको. हात दोन्ही बाजूंना खाली पसरलेले. पायाखाली साप. सापाची शेपटी डावीकडे अर्ध्या इंचावर तुटलेली हवी. नजर खाली, पायाशी कोणी बसलं असेल तर त्याच्याकडे बघते आहे अशी.

शेपटी तुटकी का, ते विचारू नकोस.

तीस जूनच्या आत मिळायला हवी. खोक्यावर 'मूर्ती' असं लिहू नकोस. साबणाचं रिकामं खोकं मिळालं तर त्यातच घालून पाठव. किंमत कळव. भाऊ म्हणून सूट मागत नाही, कामगार म्हणून मिळत असेल तर सोडू नकोस.

पत्र वाचून झालं की फाड. मी घाबरलेली वगैरे नाही, उगाच तसं मनात आणू नकोस.

तुझी बहीण

—

२९ जुलै

प्रिय धाकट्या,
आशीर्वाद.

पार्सल सत्तावीस जूनला मिळालं. लगेच लिहायला हवं होतं. रोज कागद काढायचे आणि पुन्हा ठेवायचे. पेंढ्यातून माता वर काढली आणि टेप लावून बघितली. शेपटी बरोबर अर्ध्या इंचावर तुटलेली, सोनं विटलेलं, आणि तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस. तुझी चिठ्ठी मात्र पाच वेळा वाचली. "ताई, सगळं मापात आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, डोळे रंगवताना ब्रश जरा वर गेला. खाली बघायच्या ऐवजी समोर बघते. घरचीच आहे ना, चालवून घे."

चालवून घेतली. आता ती इतकी चालते आहे की थांबवता येत नाही.

मूर्ती घरासाठी नव्हती, हे तू ओळखलं असशील. दर वर्षी फेरी संपली की जूनभर माता माझ्याकडे असते आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी पुन्हा निघते. मेणबत्त्यांच्या धुराने तिचा चेहरा काजळला होता. सभेत रंगारी बोलवायचं चाललं होतं. मीच म्हटलं, कशाला रंगारी, मी घरच्या घरी लख्ख करून देते. आयुष्यभर मी जुन्याचं नवं करत आले, त्याचा मला जरा तोराच आहे. आणि धाकट्या, इतकी वर्षं मी तिला चिनी मातीची समजत होते. बादलीत कोमट पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकला आणि मातेला त्यात बुडवून मी बाजारात गेले.

परत आले तर पाणी दुधासारखं पांढरं. उचलायला गेले तर धड बादलीतच राहिलं आणि डोकं माझ्या हातात आलं. मान पूर्वी कधीतरी कोणीतरी चिकटवलेली असावी. चेहरा नव्हताच. नाक, ओठ, डोळे, सगळं पाण्यात गेलेलं. सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत डोकं.

मी ओरडले नाही. आधी दाराला कडी लावली.

आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही, जमिनीत पुरायची असते. परसात जास्वंदीच्या मुळाशी पुरली. हे म्हणाले, "आज झाडाला खत का?" मी हो म्हटलं. एका दिवसात दोन खोटी. एक हातांनी, एक तोंडाने.

आणि तुझ्या मातेला आशीर्वाद नाही. तो फादरांनी द्यायचा असतो, आणि त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. आपल्या घरात ती मातेच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली आहे ना, निळा मुकुट म्हणजे बूच, तीत पवित्र पाणी असतं. रोज ती हातात घेत होते, बूच अर्धं फिरवत होते आणि परत ठेवत होते. आपणच शिंपडलं तर ते आणखी एक पाप व्हायचं. शेवटी सहा जुलैला तशीच पेटीत बसवली आणि वहीत लिहिलं, "मूर्ती ठीक." मनात म्हटलं, डोळे मोहरीएवढे, कोण बघतंय!

पहिलं घर घंटाकाकूंचं. तुझ्यामागे ह्या बाई राहायला आल्या. चर्चची घंटा व्हायच्या आधी ह्या पहिल्या बाकावर हजर, म्हणून ते नाव. तिसऱ्या दिवशी पिशवीसकट माझ्या दारात.

"चिटणीसबाई, मातेने मान वर केली!"

"मान?"

"मान म्हणजे नजर हो. इतकी वर्षं खाली बघत होती, आता सरळ माझ्याकडे बघते. मी पलंगावर सरकले तर पलंगावर. मी मोरीकडे गेले तर मोरीकडे!"

"मोरीकडेसुद्धा?" मी हसण्यावारी न्यायला बघितलं.

"थट्टा करू नका. तुम्ही बघितली नाहीत का? महिनाभर तुमच्याच घरी होती."

तेव्हा बोलायची वेळ होती. मी म्हटलं, "हो, मलाही तसं वाटलं."

एवढंच, धाकट्या. चार शब्द. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर बायकांनी मला घेरलं, घंटाकाकूंनी वही आणवली आणि म्हणाल्या, "लिहा. उद्या कोणी खोटं म्हणायला नको." मी लिहिलं. "मातेची नजर वर झाल्याचे दिसून आले." खाली माझी सही. फादर नवे आहेत, सावध माणूस. ते एवढंच म्हणाले, "इतक्यात बोभाटा नको." पण बोभाटा होऊन चुकला होता.

ह्या आठवड्यात पेटी पाचव्या घरी जाईल. तिसरं घर शिंपीणबाईंचं होतं. चर्चचे सगळे पडदे, वेदीवरची वस्त्रं तीच शिवते. चाळिशीही गाठलेली नाही, एक नऊ वर्षांची मुलगी आहे, नवरा बस चालवतो. तिच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरांनी आठ ऑगस्टची तारीख दिली आहे, काढून टाकायला. तिच्याकडून पेटी न्यायला मी गेले तर ती दार सोडेना. गाल लाल झालेले. म्हणाली, "चिटणीसबाई, मला माता दिसली असं मी म्हणत नाही. तसं सगळेच म्हणतात. मातेला मी दिसले."

मला पुढचं विचारायचं धाडस झालं नाही. पेटी उचलली आणि निघाले. रस्त्याने काचेतून ती माझ्याकडेच बघत होती. मी शाल टाकली पेटीवर.

तू माझं एक काम कर. कारखान्याच्या छापील कागदावर लिहून पाठव की उष्णतेने रंग सरकतो आणि डोळे वर गेल्यासारखे दिसतात. म्हणजे मी ते फादरांना दाखवीन, लोक आपोआप शांत होतील, आणि कोणाचं काही बिघडणार नाही. आठ तारखेच्या आधी पाठव.

आणि चष्मा बदलून घे. कृपा करून.

तुझी ताई

—

१४ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. "ताई, प्लास्टरवरचा रंग सरकत नाही. असलं खोटं कारखान्याच्या कागदावर लिहिलं तर मालक मला सरकवेल." बरोबर केलंस. तू लिहून दिलं असतंस तर मी त्याच्याही मागे लपले असते.

आठ तारखेला शिंपीणबाई हॉस्पिटलात गेली नाही.

नऊ तारखेला तिचा नवरा माझ्याकडे आला. बस डेपोत लावून आला होता, अंगावर खाकी शर्ट तसाच. हा माणूस अबोल. त्याच्या बसच्या काचेशी लहानशी माता चिकटवलेली असते, तिला हात लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिला सांगा. ती फक्त तुमचं ऐकेल."

"माझं का?"

"तुमच्या वहीत आहे ना ते. मी म्हटलं तिला, घंटाकाकूंना तर साखरेच्या डब्यातही दर्शन होतं. तर म्हणाली, घंटाकाकूंचं राहू दे, चिटणीसबाईंनी सही केली आहे, त्या बाई स्वतःच्या नवऱ्याचीसुद्धा चूक सोडत नाहीत." मग बसला पायरीवर. "डॉक्टरांनी बावीस तारीख दिली आहे. म्हणाले, गाठ वाढते आहे, ह्या वेळी आली नाही तर पुढे माझ्या हातात काही राहणार नाही. वहिनी, मी रोज शेकडो माणसं जिथल्या तिथे पोचवतो. एक बायको हॉस्पिटलाच्या दारापर्यंत पोचवता येत नाही मला."

त्याला मी पाणी दिलं. "सांगते," म्हटलं. आणि तो गेल्यावर गेले कुठे, तर फादरांकडे. वाटलं, पापकबुलीत सगळं सांगावं, मग पुढचं ते बघतील, ते फादर आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. गुडघे टेकले आणि बादलीपासून वहीपर्यंत सगळं सांगितलं.  जाळीपलीकडून फादर म्हणाले, "हे तिला तुम्ही सांगायचं."

"तुम्ही सांगा ना फादर. रविवारी, सगळ्यांसमोर."

"कबुलीत ऐकलेलं मी कोणाला सांगू शकत नाही. तिला नाही, तिच्या नवऱ्याला नाही, उद्या ती मेली तर तिच्या मुलीलाही नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच शिकवते. तरी धावत तिथेच गेले आणि ज्या एका माणसाला हे सांगता आलं असतं, त्याचं तोंड मीच माझ्या हातांनी बंद केलं. 

काल दुपारी तिच्याकडे गेले. ती मशिनवर होती, मुलगी शाळेत. मला बघून पाय थांबवला, पण हात कापडावरून उचलला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बादली, साबण, तुझी चिठ्ठी, तुझा चष्मा. बोलताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू, बावीस तारखेभोवती लाल पेन्सिलीचा गोल, आणि त्या गोलावर दोन फुल्या मारलेल्या.

ती हसली. "ह्यांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही गं. मीच खोटं लिहिलं."

"तुम्ही? खोटं?" आता ती खदखदून हसली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, चिटणीसबाई. आत्तासुद्धा बघा कशा घामाघूम झालात. माझ्या जिवासाठी स्वतःवर आळ घेताय. एवढं केलंत, माझ्यावर उपकार आहेत."

विचार कर. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि तेच माझ्या तोंडाला शोभेना.

मी घरी पळाले, जास्वंद उकरली, आणि ते डोकं फडक्यात बांधून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उचललं, फिरवून बघितलं. अंगठा जिथे डोळे असायचे तिथून फिरवला. "ह्याला डोळेच नाहीत," म्हणाली. "ही कोण आहे, मला काय माहीत?" मग एकदम आवाज चढला. "आणि समजा, नवी असेल. तुमच्या भावाचा हात चुकला म्हणता. माझ्याच घरी यायच्या आधी का चुकला? हात कोणी चुकवला?"

 ह्याचं उत्तर तुला येतं का?

मी जायला वळले तर मागून हळूच म्हणाली, "कापायचं म्हणजे काय असतं, तुम्हाला माहीत आहे का हो? पुढे मुलगी मला मिठी मारेल तेव्हा तिला काय लागेल?" म्हणजे बघ, धाकट्या. तिच्या श्रद्धेच्या मुळाशी नुसती भीती बसली आहे. आणि तिला लपायला आडोसा मी बांधून दिला.

शेवटी ती म्हणाली, "ज्याने रंगवली त्याला आणा. त्याने माझ्यासमोर तिचे डोळे खाली करून दाखवावेत. मग बघू." कदाचित मला वाटेला लावायला म्हणाली असेल. कदाचित नसेल. रात्रभर माझ्या डोक्यात एकच. तू आलास, ब्रश फिरवलास, मातेची नजर खाली गेली, आणि ती म्हणाली की आता मातेनेही माझ्यावरून डोळे काढले, तर? मग ती कोणत्याच दारात जाणार नाही. मी जे करायला जाते त्यातून नवं काहीतरी मोडतं.

पण तिला एक गोष्ट मी सांगितली नाही. ती आधी तुला लिहायला हवी.

आईच्या पोटात दुखायला लागलं त्याचा तो सातवा दिवस. नऊ दिवसांची नोव्हेना मी पवित्र हृदयाच्या चित्रापुढे धरली होती, आईची खाट ओढून त्या चित्रासमोर आणली होती. तू कुठून तरी गाडी घेऊन आलास. गाडी दारात उभी, इंजिन चालू. तू म्हणालास, "ताई, तिला उचल." मी म्हटलं, दोन दिवस राहिलेत, नोव्हेना मोडली तर पहिल्यापासून करावी लागते. आई तुझ्या हाताला धरून होती. मी तिची बोटं सोडवली. गाडीवाल्याला मी स्वतः बाहेर जाऊन सांगितलं, जा. आईने नववा दिवस बघितला नाही. ह्यांनी बोलावलेले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं.

दफनानंतर तू मला एवढंच म्हणालास, "चित्राने काही केलं नाही, ताई. तू केलंस." ते फक्त मी ऐकलं. आणि लोकांनी विचारलं की बहीण-भावात काय झालं, तेव्हा मी सांगितलं, त्याने पवित्र हृदयाची निंदा केली, घराच्या उंबऱ्यात पाऊल नको म्हटलं मी. सगळ्यांनी विश्वास ठेवला. बाकावर तुझ्या शेजारी कोणी बसेना, तू चर्चला यायचा थांबलास, मग गावच सोडलंस. तू निंदा केली नव्हतीस. तू उलट त्या चित्राची बाजू घेतली होतीस. अकरा वर्षं मी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे, की प्रभू, माझ्या भटकलेल्या भावाला परत आण. कोणाला ऐकवत होते कोण जाणे.

हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. अक्षर लावून वाच. ह्या पत्रात खाडाखोड आहे, ती तशीच राहू दे.

आता काय ठरवलं ते सांगते. रविवारी, अठरा तारखेला, मिस्सानंतर बोलायला फादरांकडून दोन मिनिटं मागून घेतली आहेत. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. वहीतली ती ओळ मी सगळ्यांसमोर वाचणार आणि ती खोटी आहे म्हणून सांगणार. बादलीचं सांगणार. घंटाकाकू मला काय म्हणतील ह्याची कल्पना आहे. ह्यांना कालच सांगितलं. हे जेवता जेवता थांबले, आणि म्हणाले, "खत म्हणालीस तू मला." एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. चिटणीसपण जाईल. लोक मला पाहून रस्ता ओलांडतील, तुला पाहून ओलांडायचे तसा. त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

पण ती भीती मला पेलेल. दुसरी पेलत नाही. बावीस तारखेच्या सकाळी ती मशिनवर बसलेली असेल, पाय चालू असेल, आणि दारात बस न घेता आलेला तो माणूस उभा असेल.

उद्या सकाळी तिच्याकडे जाऊन आईचं सांगणार आहे. पण मी सांगितलं तर ती पुन्हा म्हणेल, माझ्यासाठी आळ घेताय. त्या दिवशी त्या खोलीत आई, तू आणि मी, तिघंच होतो. साक्षीला आता तू एकटा आहेस.

पत्र शनिवारपर्यंत पोचेल असं पोस्टातला माणूस म्हणाला. निघालास तर सोमवारी येशील, उशिरात उशिरा मंगळवारी. ब्रश आण, रंग आण, ती म्हणाली तर डोळे खाली कर, नाही म्हणाली तर करू नकोस. जे बघितलंस ते तिच्यासमोर बस आणि सांग. मला वाचवायला काही बोलू नकोस. माझ्याशी न बोलता परत गेलास तरी चालेल. आमच्याकडे उतरायचं नसेल तर सिस्टरांकडे खोली सांगून ठेवली आहे, त्यांना तुझ्याविषयी खरं काय ते आज सांगितलं. पहिल्या त्या. त्यांनी लगेच किल्ली काढून दिली.

आला नाहीस तरी मी बावीसला पहाटे तिच्या दारात असेन. तिला उचलून न्यायची ताकद माझ्यात नाही. बसून राहायची आहे.

दारात आलेली गाडी परत पाठवणारी,
तुझी ताई